कान-नाक-घशाच्या संशोधनात सहभागी होण्यापूर्वी माहितीपत्रक कसे वाचावे

कान, नाक किंवा घशाच्या तक्रारीसाठी पुण्यातील एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत गेल्यावर, ‘या आजारावर आमच्याकडे एक अभ्यास सुरू आहे, आपण सहभागी व्हाल का?’ असे विचारले गेले, तर तिथल्या तिथे होकार किंवा नकार देण्याची गरज नसते. माहितीपत्रक मराठीत मागून घ्यावे, घरी न्यावे आणि घरच्या माणसांबरोबर सावकाश वाचावे. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. एका कानाने ऐकू येणे दोन-तीन दिवसांत अचानक कमी झाले असेल, तर उपचार शक्य तितक्या लवकर, निदान पहिल्या दोन आठवड्यांच्या आत, सुरू व्हावे लागतात. अशा वेळी अभ्यासाचा निर्णय होईपर्यंत उपचार थांबवू नयेत, आणि ‘सहभागी झालो नाही, तर नेहमीचे उपचार आजच सुरू होतील ना?’ हे स्पष्ट शब्दांत विचारावे.

पत्रक हाती आल्यावर अभ्यास कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रथम ओळखावे. ससूनशी जोडलेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, लष्कराचे एएफएमसी हे वैद्यकीय महाविद्यालय, भारती विद्यापीठ, पिंपरीचे डी. वाय. पाटील अशा संस्थांत कान-नाक-घसा विषयात एम. एस. करणाऱ्या डॉक्टरांना प्रबंधासाठी संशोधन करावे लागते. त्यात सहसा नवे औषध नसते, तर रूढ पद्धतींचीच तुलना असते; उदाहरणार्थ, कानाचा फाटलेला पडदा दुरुस्त करताना कानावरच्या स्नायूचे पातळ आवरण वापरावे की कानाची कूर्चा. औषध कंपनीच्या खर्चाने चालणारी नव्या औषधाची चाचणी ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यातील धोके, तपासण्या आणि भरपाईची कलमे अधिक बारकाईने वाचावीत.

यानंतर ‘मुख्य निष्पत्ती’ कोणती ठरवली आहे, म्हणजे उपचाराचे यश मुख्यतः कशावरून मोजणार, ते शोधावे. माझ्या मते संपूर्ण पत्रकातील सर्वांत मोलाची ओळ हीच असते, आणि बहुतेक वाचक तिच्याकडे लक्ष न देता पुढे जातात. पडद्याच्या शस्त्रक्रियेत ‘पडदा जुळला’ आणि ‘ऐकू येणे सुधारले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडदा उत्तम जुळूनही श्रवण फारसे न वाढणे शक्य असते. म्हणून ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर किती महिन्यांनी काढणार, आणि हवेतून व हाडातून ऐकू येण्याच्या पातळ्यांमधील अंतर मोजणार का, हे विचारावे. एकाच माणसाची तपासणी पुन्हा केली तरी ५ डेसिबलचा फरक सहज पडतो, त्यामुळे तेवढ्याच फरकाला कोणी सुधारणा म्हणत असेल तर थांबून विचार करावा. सायनसच्या जुनाट आजारासाठी ‘स्नॉट-२२’ ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात २२ प्रश्न असून प्रत्येकाला ० ते ५ गुण असतात, एकूण गुण जास्तीत जास्त ११० होतात, आणि साधारण ९ गुणांची घट झाली तर रुग्णाला खरोखर बरे वाटल्याचे मानले जाते. ती मराठीत मिळाली तरच भरावी. नर्सने इंग्रजी प्रश्न घाईत तोंडी सांगून भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून आपला त्रास नीट नोंदला जात नाही.

तुलनेसाठी दुसरा गट आहे की नाही, हेही तितक्याच काळजीने पाहावे, कारण कान-नाक-घशाचे अनेक विकार स्वतःहून कमी-जास्त होतात. अचानक आलेला बहिरेपणा काही रुग्णांत आपोआप अंशतः भरून येतो, आणि मान व डोके हलवताच येणारी चक्कर पुष्कळदा काही आठवड्यांत ओसरते. ॲलर्जीच्या सर्दीत तर ऋतूचा प्रभाव मोठा असतो. पुण्याच्या मोकळ्या जागांत पावसाळ्यानंतर गाजरगवत फुलते आणि त्याच्या परागकणांनी अनेकांची शिंक थांबत नाही. त्या दिवसांत रुग्ण घेऊन फुलोरा संपल्यावर पुन्हा तपासले, तर औषध कोणतेही असो, सर्वांना बरे वाटणारच. त्याच काळात, त्याच शहरात, नेहमीचे उपचार घेणारा दुसरा गट असला तरच औषधाचे खरे श्रेय कळते. असे दोन गट असले, की कोणाला कोणता उपचार मिळणार हे सहसा चिठ्ठी टाकावी तसे ठरते, डॉक्टरांच्या पसंतीने नाही. म्हणून दोन्ही उपचार आपल्याला मान्य असतील तरच होकार द्यावा.

आता नोंदणी तपासावी. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ (सीटीआरआय) या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य शोध घेता येतो, आणि एप्रिल २०१८ पासून तेथे पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. पत्रकावरील सीटीआरआय क्रमांक टाकून तेथे लिहिलेली मुख्य निष्पत्ती पत्रकाशी जुळते का, हे ताडून पाहावे. जुळत नसेल, तर कारण विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी नैतिकता समितीचा, म्हणजे संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते का हे पाहणाऱ्या समितीचा, संपर्क त्यावर छापला आहे ना, हे पाहावे. नवी औषधे आणि त्यांच्या चाचण्यांबाबतच्या २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा समितीत किमान सात सदस्य असतात आणि त्यांतील निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाल्यास विनामूल्य उपचार मिळायला हवेत, आणि इजा चाचणीमुळेच झाली असल्यास आर्थिक भरपाईही मिळायला हवी. टॉन्सिल, ॲडेनॉइड (नाकामागच्या ग्रंथी) किंवा कॉक्लिअर इम्प्लांटच्या (ऐकू येण्यासाठी कानात बसवायच्या उपकरणाच्या) अभ्यासात मूल असेल, तर पालकांच्या सहीबरोबर त्याचीही इच्छा विचारली जाते: सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी, बारा वर्षांपुढे लेखी. मूल स्पष्ट नाही म्हणत असेल, तर आई-वडिलांनी आग्रह धरू नये, असे मला मनापासून वाटते.

येण्या-जाण्याचा खर्च कोण देणार आणि किती वेळा यावे लागेल, हे आधीच लिहून घ्यावे. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मागावी. कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. प्रत्येक भेटीनंतर ऑडिओग्राम, एंडोस्कोपीचा अहवाल आणि सीटी स्कॅनची प्रत आपल्या फाइलला लावावी, म्हणजे अभ्यास संपल्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, तरी त्यांना सुरुवातीची स्थिती पाहता येईल.