केमोचा त्रास अंगावर काढू नका: मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी घरची वही

मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात किंवा फुप्फुसात पसरलेला असेल तर केमो बहुधा दर 14 दिवसांनी असते. ऑक्सालिप्लाटिन किंवा इरिनोटेकानचं सलाईन, आणि मग छातीतल्या पोर्टला (कातडीखाली बसवलेली, शिरेत औषध सोडायची डबी) जोडलेली फाइव्ह-एफयू या केमोच्या औषधाची बाटली 46 तास. गोळ्या असतील तर कॅपेसिटाबिन: 14 दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, मग 7 दिवस सुट्टी. संभाजीनगर, लातूर किंवा बार्शीहून केमोची एक फेरी, म्हणजे सायकल, घेऊन रुग्ण घरी येतो आणि खरा त्रास गावात सुरू होतो. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं की उत्तर ठरलेलं: “काय न्हाई, बरं हाय.” डोस कमी करतील, केमो बंद पडेल, ही भीती त्यामागे असते.

त्या भीतीपायी नुकसान होतं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच संशोधकांच्या अभ्यासात 6 सायकलनंतर ऑक्सालिप्लाटिन थांबवून बाकीचं औषध चालू ठेवलं, तरी रुग्ण जवळपास तेवढेच जगले आणि हातापायांना मुंग्या येण्याचा त्रास कमी झाला. 2017 साली अमेरिकेतला एक अभ्यास आला. त्यात पसरलेल्या कॅन्सरचे जे रुग्ण आपली लक्षणं नियमित कळवत होते, त्यांचं मध्यम आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 31 महिने निघालं. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचं 26. त्यात आतड्याच्या कॅन्सरचे रुग्ण नव्हते, पण लवकर कळलेला त्रास लवकर आवरता येतो, हे इथेही तितकंच लागू आहे.

म्हणून दोनशे पानी वही घ्या. सलाईन लागलं तो दिवस 1. रोज एक ओळ: कितवा दिवस, ताप, शौचाला किती वेळा, पाणी किती प्यायले, तोंड आलंय का, बोटं कशी आहेत. वजन आठवड्यातून एकदा. पोटावर शौचाची पिशवी असेल तर ती किती वेळा रिकामी केली ते लिहा. बोटांसाठी रोज एकच परीक्षा: शर्टाची गुंडी किंवा ब्लाउजचा हूक न बघता लागतो का? लागेनासा झाला तर पुढच्या सलाईनच्या आधी सांगा, नंतर नव्हे. ऑक्सालिप्लाटिनचा बधिरपणा साठत जातो आणि औषध थांबवल्यावरही काही महिने वाढू शकतो.

याच औषधाने पहिले काही दिवस गार वस्तू सोसत नाही. माठातलं पाणीसुद्धा नको. घोट घेतला की घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अडकल्याची भीती वाटते. पाणी कोमट करून प्या. डिसेंबरच्या पहाटे नळाखाली हात घालू नका, बाहेर पडताना नाका-तोंडावर रुमाल बांधा.

जुलाब सगळ्यात जास्त फसवतात. इरिनोटेकानचे जुलाब एक दिवस उलटल्यावर कधीही लागतात, म्हणून जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडच्या 2 मिलिग्रॅमच्या गोळ्या केमोच्या दिवशीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. नेहमीची पद्धत अशी: पहिल्या पातळ शौचालाच 2 गोळ्या, मग दर 2 तासांनी 1, रात्री दर 4 तासांनी 2; शेवटच्या जुलाबानंतर 12 तास कोरडे गेले की बंद. ही मात्रा साध्या जुलाबाच्या मात्रेपेक्षा जास्त आहे, त्यामुळे डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच. एका दिवसात थांबले नाहीत तर दवाखाना गाठा. सोबत ताप असेल, रक्त पडत असेल, उलट्यांमुळे पाणी टिकत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल तर घरी एक गोळीही देत बसू नका, लगेच निघा. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात टाका. अंदाजाने अर्धी पुडी पेल्यात टाकली तर द्रावण खारट होतं आणि जुलाब वाढतात. एप्रिल-मेच्या उन्हात तर शरीर काही तासांत कोरडं पडतं. जुलाबाच्या दिवसांत ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ठेचा, दूध बंद. भाताची पेज, मुगाचं पातळ वरण, केळं चालेल. पाणी टँकरचं असेल तर उकळूनच.

7 ते 14 या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. थर्मामीटर 100.4 फॅरनहाइट दाखवेल तेव्हा सकाळची वाट पाहू नका. थंडी वाजून आली तर आकडा खाली असला तरी निघा. मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. ताप झाकला जातो, जंतू तसेच राहतात. किनवट किंवा परांड्याहून मोठं शहर लांब पडतं, तेव्हा 108 बोलवा, जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि पहिलं वाक्य हेच बोला: “केमो चालू आहे, आज 9 वा दिवस, ताप आहे.” दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. या आठवड्यात गोठा, शेण, शिळं अन्न आणि शेतातला हुरडा टाळा.

कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय लाल होतात, जळतात, मग सोलतात. कापूस वेचणं, खुरपणी, अनवाणी चालणं बंद. 10 टक्के युरियाचं मलम दिवसातून दोनदा लावा. दुखून भाकरी थापता येईना, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. त्या अवस्थेत गोळ्या थोड्या दिवस थांबवायच्याच असतात आणि राहिलेल्या नंतर भरून काढायच्या नसतात.

अशक्तपणा आला म्हणून पाहुणे टॉनिक आणतात. त्यात बऱ्याचदा फॉलिक ॲसिड असतं आणि त्याने फाइव्ह-एफयू, कॅपेसिटाबिनचे दुष्परिणाम वाढू शकतात. बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका. काढे आणि भस्मांनाही हाच नियम.

वहीच्या पहिल्या पानावर औषधांची नावं, शेवटच्या सायकलची तारीख, पोर्ट आहे का, वॉर्डाचा फोन नंबर आणि रात्री गाडी देणाऱ्या दोघांचे नंबर लिहा. त्यामागे रेशन कार्ड आणि जनआरोग्य योजनेच्या कागदांच्या झेरॉक्स टाचून ठेवा. वही उशाशी असू द्या, कपाटात नको.