लिंडी हॉप शिकायचा तर आधी कान तयार करा

लिंडी हॉप हा स्विंग नाच, म्हणजे स्विंग जॅझच्या तालावर जोडीने करायचा नाच. तो शिकताना बहुतेक जण पायांपासून सुरुवात करतात. तुम्ही कानांपासून करा. समेवर टाळी द्यायची आपली सवय. इथे चार ठोक्यांपैकी जोर दोन आणि चारवर पडतो. मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांचं स्विंग गाणं लावा, दोन-चारवर टाळ्या वाजवा आणि गुडघे सैल सोडून प्रत्येक ठोक्याला हलकेच खाली दबत राहा. हा बाज आपल्याला अगदीच परका नाही. गोव्याचे जॅझ ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांच्यासाठी वाजवत. लय अंगात मुरेपर्यंत पाऊल टाकू नका, दोन दिवस लागले तरी चालतील.

मग पावलं, आठ ठोक्यांची. पुढाकार घेणाऱ्याने एकवर डावा पाय मागे टाकायचा, दोनवर वजन पुन्हा उजव्यावर आणायचं. 'तीन-नि-चार'ला झटपट डावं, उजवं, डावं. पाचवर उजवं, सहावर डावं, 'सात-नि-आठ'ला उजवं, डावं, उजवं. समोरच्याने हेच उजव्या पायापासून, आरशात दिसावं तसं. 'नि' जरा रेंगाळू द्या. तो घाईने पडला की नाचाची कवायत होते. जोडीदाराचा हात ओढू नका. आपलं वजन किंचित मागे ठेवलंत की दोघांमधला ताण आपोआप कळतो.

आता अंग. हा नाच १९२०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीय तरुणांनी घडवला. १९२६ साली सुरू झालेल्या तिथल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये काळे-गोरे एकाच फरशीवर नाचत, आणि त्या काळी हे फार दुर्मीळ होतं. तिथेच नर्तक फ्रँकी मॅनिंग कंबरेतून पुढे झुकून, धावपटूसारखे नाचू लागले. तेव्हा तुम्हीही ताठ उभे राहू नका.

हे जमलं की इतर शैली चाखून पाहा. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या खचाखच भरलेल्या बॉलरूममध्ये पाय फेकायला जागाच नसे. छातीला छाती लावून, पाय जमिनीलगत ठेवून नाचायचा बाल्बोआ तिथला. आपल्या छोट्या दिवाणखान्यात तो छान बसतो. वेस्ट कोस्ट स्विंग सरळ पट्टीत पुढे-मागे चालतो. समुद्रकिनाऱ्यावर वाढलेल्या कॅरोलायना शॅगमध्ये वरचं अंग शांत आणि सारी करामत पायांत. १९८४ पासून तो दक्षिण कॅरोलायनाचा राज्यनृत्यप्रकार आहे. माझं ऐकाल तर पहिले तीन महिने मात्र लिंडी हॉप सोडू नका.

आणि रबरी तळाचे बूट घालू नका. वळताना पाय अडकतो आणि गुडघ्याला पीळ बसतो.