‘कामासाठी फिट’ एवढंच लिहून आणू नका

कर्करोगाच्या उपचारांनंतर रुजू होताना नुसतं ‘कामासाठी फिट’ लिहिलेलं सर्टिफिकेट दिलं, की ऑफिस त्याचा अर्थ ‘पहिल्या दिवसापासून पूर्ण काम’ असा घेतं. थकवा मात्र केमो संपल्यावरही कित्येक महिने रेंगाळतो. मग महिन्याभरात पुन्हा रजा.

डॉक्टरांकडून मर्यादा नेमक्या आणि मुदतीसह लिहून घ्या. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या हाताने सवय नसताना एकदम जड सामान उचलणं नको. हात सुजू शकतो, आणि ही सूज एकदा आली की सहसा पुरती जात नाही. केमोने बोटं बधिर झाली असतील, तर शिडी, धारदार यंत्रं, तापलेली भांडी यांपासून दूरचं काम हवं. तासही लिहून घ्या: उदाहरणार्थ, पहिले 2 आठवडे रोज 4 तास, पुढचे 2 आठवडे 6, मग फेरतपासणी. मुंबईत असाल तर गर्दीची लोकल टळेल अशी वेळ मागा. कधीकधी एक तास कमी करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. निदानाचा सगळा इतिहास कागदावर नको.

सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं (स्वरयंत्र काढल्याने कायमचा गेलेला आवाजही त्यात येतो), तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20(4) दाखवा: कामावरून काढता येत नाही, पद बदललं तरी वेतनश्रेणी तीच राहते. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मात्र वेगळं काढावं लागतं.