घरच्या लग्नाचे फोटो: गोळा करण्यापासून वाटण्यापर्यंत

लग्न पार पडलं की फोटो दहा-पंधरा जणांच्या मोबाइलमध्ये विखुरलेले असतात. फोटोग्राफरच्या अल्बममध्ये विधी आणि स्टेजवरची रांग नीट येते. पण पंगतीत आग्रह करणारे काका, खुर्च्या जोडून झोपवलेली लेकरं, पाठवणीच्या वेळी लांब उभे राहिलेले वडील हे सगळं पाहुण्यांच्या फोनमध्येच असतं. म्हणून घरातल्या एकाने हे काम अंगावर घ्यावं आणि पंधरवड्याच्या आत सुरू करावं. नंतर फोन बदलतात, मेमरी भरते, फोटो उडवले जातात.

गोळा करताना सगळ्यांना एकच गोष्ट बजावून सांगा: व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका. तिथे फोटो आकसतो आणि तो कधी, कुठे काढला ही आतली नोंद पुसली जाते. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. त्याहून सोपं म्हणजे गूगल फोटोजवर सामायिक अल्बम करून त्याची लिंक द्या, आणि अपलोड ‘ओरिजिनल क्वालिटी’त करायला सांगा. जे पाहुणे अजून घरातच आहेत त्यांच्याकडून क्विक शेअर (अँड्रॉइड) किंवा एअरड्रॉपने (आयफोन) लगेच घ्या.

आता सगळे फोटो लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये उतरवा आणि कशालाही हात लावण्याआधी त्याची एक नक्कल बाजूला ठेवा. मुख्य फोल्डरचं नाव तारखेने सुरू करा: ‘२०२५-०२-१६ लग्न नाशिक’. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलं की फोल्डर आपोआप काळाप्रमाणे लागतात. अंक मात्र सगळीकडे एकाच लिपीतले घ्या. आत ‘०१ साखरपुडा’, ‘०२ हळद’, ‘०३ सीमांतपूजन’, ‘०४ मंगलाष्टका’ असे उपफोल्डर करा.

फोटो वेळेप्रमाणे लावले की बहुधा एक घोटाळा दिसतो. कुणाच्या तरी कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असतं आणि त्याची पाठवणी हळदीच्या आधी येते. मोबाइल वेळ आपोआप घेतो, कॅमेरा घेत नाही. न्यूयॉर्कहून आलेल्या दादाचा कॅमेरा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतो. यावर हमखास उपाय आहे: अंतरपाट दूर झाला तो क्षण बहुतेकांनी टिपलेला असतो. मोबाइलमधला त्या क्षणाचा फोटो आणि कॅमेऱ्यातला फोटो यांच्या वेळेतला फरक काढा. मग डिजिकॅम या मोफत प्रोग्रॅममध्ये त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडून वेळ तेवढी सरकवा.

निवड करताना एकाच क्षणाच्या आठ फोटोंपैकी दोन ठेवा. पण ज्या माणसाचा संपूर्ण लग्नात एकच फोटो आहे तो हललेला असला, अंधारा असला तरी ठेवाच.

यानंतरचं काम सगळ्यांत मोलाचं आणि तेच सगळ्यांत जास्त टाळलं जातं: नावं लिहिणं. आजी-आजोबांना लॅपटॉपसमोर बसवा आणि विचारत जा. नुसतं ‘मावशी’ लिहू नका, कुणाची मावशी ते वीस वर्षांनी कळणार नाही. पूर्ण नाव, गाव आणि नवरा किंवा नवरीशी नातं लिहा. डिजिकॅममध्ये कॅप्शन फाइलच्या आतच साठवण्याची सोय आहे, ती सेटिंगमध्ये चालू करा. गूगल फोटोजमध्ये लिहिलेलं वर्णन फोटोच्या फाइलमध्ये उतरत नाही, म्हणून मूळ नोंद आपल्याकडच्या फाइलमध्येच हवी. एका बैठकीत चाळीस-पन्नास फोटो पुरे. आजी एका चेहऱ्यावरून दुसऱ्या गोष्टीत शिरतील, त्यांना थांबवू नका, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा.

संपादन हलक्या हाताने आणि नेहमी नकलेवर. जेपीजी फाइल दर वेळी बदलून साठवली की थोडी खराब होत जाते. वाकडा फोटो सरळ करा, कडेचा उगाच आलेला पंखा किंवा खांब कापा, चेहरे काळवंडले असतील तर ‘शॅडोज’ थोडं वाढवा. स्नॅपसीड या मोबाइल अ‍ॅपमध्ये एवढं सगळं होतं. हळदीच्या फोटोंवर ‘ऑटो’ बटण दाबू नका, प्रोग्रॅमला तो पिवळेपणा दोष वाटू शकतो आणि हळदच फिकी पडते. चेहरे गोरे, गुळगुळीत करणारे फिल्टर तर नकोतच. माणसं होती तशी दिसू द्यात.

वाटताना नातेवाइकांच्या गटात तीस-चाळीस निवडक फोटो पुरतात, बाकीच्यांसाठी अल्बमची लिंक. लिंक हाती आली तर कुणीही अल्बम उघडू शकतो, त्यामुळे महिन्याभराने ती बंद करा. ठिकाणाची नोंद दिसू नये अशी सोय अल्बमच्या सेटिंगमध्ये आहे. घरच्या पूजेच्या फोटोत दागिनेही असतात आणि पत्ताही, तेव्हा ती जरूर वापरा. मोबाइल न वापरणाऱ्या थोरांसाठी छापून द्या. ४ × ६ इंचांच्या चांगल्या प्रिंटला साधारण १२०० × १८०० पिक्सेल लागतात, ८ × १२ला २४०० × ३६००.

शेवटी साठवण. मोबाइलचा एक फोटो ३ ते ५ एमबी धरला तर तीन हजार फोटो ९ ते १५ जीबी होतात. गूगलची मोफत जागा १५ जीबीच आहे आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांत मिळून. तेव्हा जागा विकत घ्या किंवा दोन हार्ड डिस्क घ्या, एक मुलाच्या घरी, एक मुलीच्या माहेरी. एका घरात पाणी शिरलं तरी दुसरी नक्कल राहते. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला दोन्ही डिस्क जोडून फोटो उघडतात का पाहा, आणि डिस्क पाच-सहा वर्षांची झाली की नवी घेऊन त्यावर सगळं उतरवा.