आजारी कुत्र्याला निरोप कधी द्यावा: निर्णयाची पूर्वतयारी

मूत्रपिंडे निकामी झालेल्या, कर्करोग अंगभर पसरलेल्या किंवा हृदय थकलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ‘आता थांबायचे का’ हा प्रश्न बहुतेक घरांत अगदी शेवटच्या रात्री विचारला जातो. त्या वेळी कुत्रा धापा टाकत असतो, डॉक्टरांचा फोन लागत नाही, घरातले कोणी रडत असते तर कोणी ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणत असते, आणि अशा घालमेलीत घेतलेला निर्णय कोणताही असला तरी पुढे कित्येक महिने मनाला टोचत राहतो. यावर माझ्या मते एकच उपाय आहे. निरोपाच्या, म्हणजे डॉक्टरांकडून इंजेक्शनने शांत मरण देण्याच्या, खुणा आधी ठरवाव्यात, कुत्र्याचे काही दिवस अजून बरे जात असतानाच त्या कागदावर लिहून काढाव्यात आणि त्या दिसू लागल्या की चालढकल करू नये.

आजार खरोखरच बरा न होणारा आहे का

हे आधी पक्के करून घ्यावे, कारण मरणाच्या दारात दिसणारा प्रत्येक कुत्रा मरणार असतोच असे नाही. आपल्याकडे गोचिडांमुळे येणारा ताप अतिशय फसवा असतो. नाकातून रक्त येते, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, कुत्रा चार-चार दिवस अन्नाला तोंड लावत नाही आणि पाहणाऱ्याला वाटते की आता संपले. परंतु तो एर्लिकिया या गोचिडांतून पसरणाऱ्या जिवाणूचा संसर्ग असेल आणि वेळेत ओळखला गेला, तर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या साधारण २८ दिवसांच्या उपचाराने असे कितीतरी कुत्रे पुन्हा उभे राहतात. मादीच्या गर्भाशयात पू झाला तर ती एक-दोन दिवसांत गळून जाते. तिला शस्त्रक्रियेने वाचवता येते, मात्र वेळ दवडून चालत नाही. जननेंद्रियावर होणारी, एका कुत्र्यापासून दुसऱ्याला लागणारी रक्ताळलेली गाठ पाहून अनेकजण कर्करोग म्हणून हात टेकतात. ती कर्करोगाचाच प्रकार असली तरी व्हिन्क्रिस्टिनच्या आठवड्याला एक अशा इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. म्हणून रक्ततपासणी, मूत्रपिंड व यकृताचे अहवाल आणि गरजेप्रमाणे एक्स-रे किंवा सोनोग्राफी झाल्याशिवाय निरोपाची भाषा करू नये. शंका उरली तर हेच अहवाल दुसऱ्या पशुवैद्यांना दाखवावेत. पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि प्रवास झेपेल अशा कुत्र्याला कोल्हापुरातून तिथवर नेण्याचा विचार करता येतो. अंथरुणाला खिळलेल्या कुत्र्याची मात्र सातारा जिल्ह्याच्या टोकापर्यंत फरफट करू नये. कोल्हापुरातच दुसऱ्या डॉक्टरांना घरी बोलवावे.

निदान पक्के झाले की डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे: उपचार चालू ठेवले तर किती काळ मिळेल आणि ते दिवस कसे असतील, उपचार थांबवले तर शेवट कसा होईल, आणि तो जवळ आल्याचे आम्हाला कशावरून कळेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजारागणिक बदलते. मूत्रपिंडांच्या शेवटच्या अवस्थेत, म्हणजे रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) दर डेसिलिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊन सलाइन देऊनही खाली येत नाही तेव्हा, उलट्या, तोंडात जखमा, तोंडाला उग्र वास आणि पुढे झटके येतात. प्लीहेची गाठ फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन काही तासांत खेळ संपतो. ‘झोपेतच जाईल’ अशी आशा सगळेच धरतात, पण या आजारांत तसा शेवट क्वचितच येतो.

कुत्र्याचा दिवस कसा जोखावा

अमेरिकेतील पशुकर्करोगतज्ज्ञ डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये यासाठी एक गुणपत्रक मांडले आणि आजही अनेक पशुवैद्य तेच वापरतात. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे असतात. बेरीज ३५ च्या वर राहिली तर कुत्र्याचे जगणे सुसह्य आहे असे मानतात. घरातल्या दोन माणसांनी एकमेकांना न दाखवता गुण द्यावेत आणि मग ताडून पाहावेत. एकाचे ४८ आणि दुसऱ्याचे २६ आले, तर कुत्र्यापाशी रात्री कोण जागते हे विचारावे. त्याच्या आकड्याला अधिक वजन द्यावे.

तरीही नुसत्या बेरजेवर विसंबू नये असे मला वाटते. भूक उत्तम, आनंद बरा, पण श्वास लागतो आहे, अशा कुत्र्याची बेरीज चांगली येऊ शकते. प्रत्यक्षात श्वास न मिळण्याइतकी दुसरी यातना नाही, आणि खुद्द त्या पत्रकातही श्वास वेदनेच्या बाबीतच धरलेला आहे. श्वास मोजणे सोपे आहे. कुत्रा गाढ झोपलेला असताना बरगड्यांकडे पाहावे, छाती वर येऊन खाली गेली की एक श्वास धरावा, मोबाइलवर ३० सेकंद लावून मोजावे आणि आकडा दुप्पट करावा. निरोगी कुत्र्याचा आकडा झोपेत मिनिटाला ३० च्या आत असतो. हृदयरोगी कुत्र्याचा आकडा रोज चढू लागला तर प्रथम डॉक्टरांना सांगून औषध वाढवून घ्यावे. औषध वाढवूनही तो उतरत नसेल, कुत्रा आडवा होणेच टाळत असेल आणि कोपरे बाहेर फाकवून, मान लांब करून बसल्या बसल्याच डुलक्या घेत असेल, तर ती खूण अखेरची समजावी.

भुकेच्या बाबतीत आपली कोल्हापुरातली घरे हमखास चुकतात. रविवारी मटण शिजू लागले की कुत्रा कसाबसा उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येतो आणि घरचे म्हणतात, ‘बघा, अजून जीव आहे त्याच्यात.’ वेदना सोसत असतानाही अनेक कुत्रे आवडीचे खातात, त्यामुळे खाणे चालू आहे यावरून दुखत नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. दुखण्याच्या खुणा वेगळ्या असतात: स्वस्थ बसूनही चालू असलेली धाप, रात्रभर जागा बदलत राहणे, पाठ कमानीसारखी वर काढून उभे राहणे, सारखे ओठ चाटणे, अंग थरथरणे, कोपऱ्यात किंवा पलंगाखाली जाऊन बसणे, ज्याने कधी दात दाखवले नाहीत त्याने हात लावताच गुरगुरणे. कुत्रा विव्हळत नाही म्हणून त्याला दुखत नाही, हा समज पार सोडून द्यावा.

आनंद आणि हालचाल यांना गुण देताना माणूस अडखळतो, म्हणून त्याऐवजी आपल्या कुत्र्याला जीव की प्राण असलेल्या चार-पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात. कसबा बावड्यातील एका ओळखीच्या घराने त्यांच्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरसाठी अशी यादी केली होती: दूधवाल्याची मोटारसायकल वाजली की फाटकापर्यंत जाणे, आजीच्या हातचा भाकरीचा तुकडा, संध्याकाळी ओट्यावर बसून रस्ता पाहणे आणि धाकट्याच्या दप्तराचा वास घेणे. यातील तीन गोष्टी सलग आठवडाभर बंद झाल्या की डॉक्टरांना बोलवायचे, असे त्यांनी ठरवले होते. पुढे एका सकाळी सूनबाई म्हणाल्या, ‘आजी, त्यानं आज भाकरीचा वाससुद्धा घेतला नाही बघा,’ आणि आजींनीच यादी मागून घेतली. त्या घरात त्यानंतर वाद झाला नाही, कारण काय पाहायचे ते सगळ्यांना आधीच ठाऊक होते.

याच्या जोडीला भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, जिथे दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकटीत, रोज रात्री ‘बरा’ किंवा ‘वाईट’ एवढेच लिहावे. माणसाची आठवण एका चांगल्या संध्याकाळीने सगळा आठवडा विसरते. कागदावरची नोंद तसे करत नाही. पंधरवड्यात वाईट दिवस निम्म्याहून जास्त झाले की वेळ जवळ आली आहे असे धरावे.

निर्णयाआधी वेदनाशमन करून पाहावे

कित्येक कुत्र्यांना निरोप दिला जातो आणि त्यांच्या वेदनेवर नीट उपचार झालेलेच नसतात. सांध्यांनी जखडलेला वयस्कर कुत्रा उठत नाही म्हणून त्याचे दिवस भरले असे वाटते; योग्य मात्रेतील मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन, जोडीला गॅबापेंटिन आणि घसरत्या फरशीवर टाकलेली जाड सतरंजी यांनी तो काही महिने सुखाने काढू शकतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाला यांतील काही औषधे चालत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय काहीही देऊ नये. घरातील आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉलची गोळी तर कदापि देऊ नये. त्यांनी पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे किंवा यकृत निकामी होते आणि त्याचे हाल आणखी वाढतात. आठ-दहा दिवस पुरेसे वेदनाशमन करूनही दिनदर्शिकेत फरक दिसला नाही, तर आपण करण्यासारखे केले असे समजावे.

काही प्रसंगी मात्र यादी, गुण, दिनदर्शिका सगळे बाजूला ठेवून ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. जीभ-हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडणे, पाच मिनिटांहून अधिक चाललेला झटका किंवा एकामागून एक येणारे झटके, एकाएकी फुगलेले पोट आणि कोरड्या उलट्या, ही लक्षणे दिसली तर जगवायचे की सोडवायचे हे तिथेच आणि त्याच तासात ठरते. लसीकरण न झालेला कुत्रा अचानक बदलला, लाळ गाळू लागला किंवा कोणाला चावला असेल, तर रेबीजची शक्यता गृहीत धरून त्याला हात न लावता प्रथम डॉक्टरांना कळवावे आणि चावा किंवा लाळ लागलेल्या माणसाने साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच लस घ्यावी.

घरातील बोलणे

‘जीव घेणारे आपण कोण?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. काही घरांना, विशेषतः काही जैन कुटुंबांना, इंजेक्शनचा मार्ग मान्य नसतो. त्यांनी तो पत्करावा असे मी म्हणणार नाही, पण मग शेवटपर्यंत वेदनाशमन, कातडीखालून द्यायचे सलाइन, दर तीन-चार तासांनी कूस बदलणे, ओले अंथरूण लगेच बदलणे आणि जखमांवर माश्या बसू न देणे ही जबाबदारी पूर्णपणे घ्यावी लागते. उपचारही नाहीत आणि निरोपही नाही, अशी स्थिती तेवढी येऊ देऊ नये. पैशांबद्दलही उघडपणे बोलावे. सलाइन, तपासण्या आणि फेऱ्या यांचा खर्च सगळ्यांना झेपत नाही आणि तो न झेपण्यात लाज वाटावी असे काही नाही. मुलगा पुण्याहून येईपर्यंत थांबावे का, असे विचारले जाते. एक-दोन दिवस, आणि तेही डॉक्टरांनी वेदना आटोक्यात ठेवल्या असतील तरच, थांबावे; एरवी त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवावे. मुलांना ‘गावाला पाठवला’ असे सांगू नये. ती त्याच्या परत येण्याची वाट पाहत राहतात.

तो दिवस ठरवताना

शक्यतो डॉक्टरांना घरी बोलवावे आणि ते येतात का हे खूप आधी विचारून ठेवावे. पावसाळ्यात तर ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे जाऊ लागली की रस्ते एकेक करून बंद होतात, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत माणसांनाच दवाखाना गाठणे अवघड झाले होते. चिखली-आंबेवाडीसारख्या नदीकाठच्या गावांतील कुटुंबांनी, आजारी कुत्रा असेल तर, पाणी चढण्याआधीच डॉक्टरांशी बोलून काय करायचे ते ठरवावे.

डॉक्टरांना एक प्रश्न न संकोचता विचारावा: आधी बेशुद्ध करणार का? योग्य पद्धतीत प्रथम गुंगीचे इंजेक्शन दिले जाते, कुत्रा गाढ झोपला की शिरेतून पेंटोबार्बिटाल किंवा थायोपेंटोन यांसारखे भुलीचे औषध मोठ्या मात्रेत देतात, आणि श्वास व हृदय काही मिनिटांत थांबते. मॅग्नेशियम सल्फेट काही ठिकाणी वापरतात, पण पूर्ण बेशुद्ध न करता नुसते तेच देणे क्रूर आहे. स्ट्रिक्निन हे जहाल विष थेट हृदयात टोचून किंवा अन्य क्रूर रीतीने प्राण्याला मारणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे ‘एक जण स्वस्तात करून देतो’ अशा सल्ल्याला बळी पडू नये. आपल्या कुत्र्यासाठी डॉक्टर लेखी संमती घेतात. रस्त्यावरील मरणासन्न कुत्र्यासाठी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे वेगळी प्रक्रिया असल्याने महापालिकेला किंवा प्राणिमित्र संस्थेला कळवावे.

जवळ बसणार असाल तर आधी हे माहीत असावे: डोळे उघडेच राहतात, लघवी-शौच होऊ शकते आणि हृदय थांबल्यावरही एखादा खोल उसासा किंवा स्नायूंची हालचाल दिसते. तो यातनेचा भाग नसतो. खाली जुनी चादर घालावी, डोके मांडीवर घ्यावे आणि नेहमीच्या नावाने, नेहमीच्या आवाजात बोलावे.

दफनाची जागाही आधीच ठरवावी. शेतात किंवा परसात जागा असेल तर विहीर व बोअरपासून दूर, पूररेषेच्या बाहेर, किमान तीन-चार फूट खोल खड्डा घ्यावा. पावसाळ्यात नदीकाठची उकरलेली माती वाहून जाते. इंजेक्शनातील औषध मृतदेहात टिकून राहते आणि तो उकरून खाणारे कुत्रे, घारी किंवा कोल्हे विषबाधेने मरू शकतात, म्हणून देह उघड्यावर किंवा नदीत टाकू नये. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी महापालिकेच्या आरोग्य विभागात आधी चौकशी करून ठेवावी.

घरात दुसरा कुत्रा असेल तर पुरण्याआधी त्याला देहाचा वास घेऊ द्यावा. तो काही दिवस शोधत फिरेल आणि कमी खाईल. त्याच्या जेवणाच्या व फिरण्याच्या वेळा मात्र बदलू नयेत, आणि सलग दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही तर त्यालाही डॉक्टरांना दाखवावे.