शेजारच्या राज्यात स्वस्तात डिग्री: या चुका टाळा

दिवाळीच्या फराळाला कोणाचा तरी बारावीतला मुलगा असतोच, आणि त्याच्या बाबांचा प्रश्नही ठरलेला: ‘वूई म्हणजे निम्मी फी ना?’

नाही हो. वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज, बोलताना वूई. बाहेरच्या राज्यातल्या मुलांना एरवी पूर्ण, बराच जास्त दर पडतो; या योजनेत अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांतल्या मुलांना तिथल्याच दुसऱ्या राज्यात, योजनेत असलेल्या सरकारी कॉलेजात, स्थानिक ट्यूशनच्या (म्हणजे शिक्षण शुल्काच्या) जास्तीत जास्त दीडपट. स्थानिकाला दहा हजार डॉलर असतील तर तुम्हाला पंधरा. खोली आणि जेवण वेगळं. बर्कली आणि यूसीएलए यात नाहीत, दरवर्षी विचारू नका.

सगळ्यात महागात पडते ती मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, बदलण्याची चूक. ओळखीतली एक मुलगी बायॉलॉजीला वूईवर गेली. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी नर्सिंग घ्यायचं ठरलं, पोर्टलवर पाच मिनिटांत बदल झाला, पेढेसुद्धा वाटले. ऑगस्टमध्ये वडिलांनी मला बिलाचा स्क्रीनशॉट पाठवला. ट्यूशनच्या खाली दरवेळी सवलतीची, उणे चिन्हाची एक ओळ असायची, ती गायब. कॉलेजचंच काहीतरी चुकलं असणार म्हणून आम्ही तासभर नियम चाळले. चुकलं आमचंच होतं: त्या कॉलेजात नर्सिंग वूईतून वगळलेलं, आणि ते त्यांच्या साइटवर स्पष्ट लिहिलेलं. पोरीला परत फिरायचं नव्हतं. पुढची सगळी सेमिस्टर्स पूर्ण दराने भरली.

तेव्हापासून माझी सवय: सवलतीच्या ऑफिसला ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागायच्या. कोणती मेजर्स वगळलीत, किती जीपीए (सरासरी गुण) टिकवायचा, किती वर्षं दर मिळेल. फोनवर कोणी गोड बोललं म्हणजे उत्तर मिळालं असं मी धरत नाही.

प्रवेश मिळाला म्हणजे दर मिळाला, हेही डोक्यातून काढा. काही कॉलेजं आपोआप विचार करतात, काहींकडे वेगळा अर्ज आणि आधीची तारीख असते, जागाही मोजक्या.

आता शॉर्टकटवाले. ‘मामाचा पत्ता देऊन तिथलेच रहिवासी दाखवू’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, चहा ओततो. ‘एक वर्ष वूईवर काढू, मग तिथलेच रहिवासी होऊ’ हा बेतही बहुतेक ठिकाणी फसतो, कारण सवलतीवर काढलेला काळ रहिवासात धरत नाहीत.

दक्षिणेकडच्या राज्यांत राहत असाल तर वूई विसरा. तिथल्या बहुतेक राज्यांत अकॅडेमिक कॉमन मार्केट ही वेगळी योजना आहे, काही राज्यांत ती फक्त पदव्युत्तर कोर्सना. त्यात थेट स्थानिक दर मिळतो, पण आपल्या राज्यात नसलेल्या कोर्सलाच, आणि आपल्याच राज्याकडून तसा दाखला आणावा लागतो. कंप्यूटर सायन्ससाठी त्याच्या नादी लागू नका, तो कोर्स तुमच्या राज्यात असणारच.