गर्भपातानंतरची पगारी रजा: अर्ज आणि दाखला

गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा हा कायद्याने दिलेला हक्क आहे. गर्भपात आपोआप झालेला असो वा डॉक्टरांकडून रीतसर करून घेतलेला, रजा तेवढीच. तरी ती बऱ्याचदा आजारपणाच्या रजेतून कापली जाते, कारण अर्जात नुसतं ‘तब्येत बरी नाही’ लिहिलेलं असतं. विषयातच ‘गर्भपातानंतरची रजा, सामाजिक सुरक्षा संहिता २०२०, कलम ६५’ असं लिहा. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. त्याआधीच्या प्रकरणाला मातृत्व लाभ कायदा १९६१, कलम ९.

गाडी अडते ती डॉक्टरांच्या दाखल्यावर. गर्भ किती आठवड्यांचा होता आणि तो कोणत्या तारखेला पडला किंवा क्युरेटिंग (गर्भपिशवी साफ करणं) कधी झालं, हे दोन्ही त्यात हवंच. सोनोग्राफीत ठोके नाहीत असं सोमवारी कळलं आणि क्युरेटिंग शुक्रवारी झालं, तर सहा आठवडे शनिवारपासून मोजायचे. कायद्याच्या व्याख्येत गर्भ बाहेर पडण्याला महत्त्व आहे. मधल्या दिवसांसाठी गरोदरपणातल्या आजाराची जादा रजा मागा. ती जास्तीत जास्त एक महिना मिळते, पुढे रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग लांबला तर त्यासाठीही. डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘थ्रेटन्ड अबॉर्शन’ असेल तर अर्ज परत येणारच: त्याचा अर्थ गर्भ अजून टिकून आहे. नंतर गर्भ पडला असेल तर नवा कागद घ्या.

आठवडे नीट तपासा. सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भपात. त्यानंतर मृत बाळ जन्मलं तर ती प्रसूतीच. मग रजा २६ आठवडे, दोन किंवा अधिक मुलं हयात असतील तर १२. अट एकच, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम. मूल वाचलं नाही म्हणून ही रजा सहा आठवड्यांवर आणता येत नाही.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर पैसे मालकाकडून नाही, महामंडळाकडून मिळतात; दावा त्यांच्या शाखा कार्यालयात करा. अर्जाची पोच घ्या, ईमेलही पाठवा. नकार आला तर तो लेखी मागा आणि कामगार आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्या.

केंद्र सरकारी नोकरीत मात्र संपूर्ण सेवेत मिळून ४५ दिवसच. ते पहिल्या वेळी संपले असतील तर दुसऱ्यांदा गर्भपात झालेल्या बाईला स्वतःची रजा खर्चावी लागते. आधी बदलायला हवा तो हा नियम.